डागातली वाफ

इंद्रभान : ...पन बॅनर तं लागलं ना आता. स्टँडवर. येता येता वाचलं असंन तू. 'दुसऱ्या ग्रहावर पाणी शोधणारी अनसिंगची लेक.' उद्या सकाळी दहाले सत्कार हाये, अन् आज तू मले म्हनतं का पानी नाईच.

निकिता : तिथं पाणी नाहीच असं नाही म्हणत मी, बाबा. आमाले जे दिसलं ते त्या ग्रहाचं नव्हतं. एवढंच म्हणून राह्यली.

इंद्रभान : मले तं दोन्ही एकच वाटते.

कस्तुराबाई : तुमी पहिले ताडपत्रीचं ते टोक धरा. सगळी हळद इकडेच ढीग झाली. पसरली नाई तं काळी पडंन. बोलता बोलता बी हात चालते मानसाचे.

इंद्रभान : धरलं. आता सांग निकू. माहीत कधी पडलं तुले हे?

निकिता : तीन आठवडे झाले.

इंद्रभान : तीन आठवडे. अन् मी पंधरा दिवसांपासून फोनवर सांगून राह्यलो, शाळेचे गणेश सर सत्कार ठेवून राह्यले, जिल्ह्याचे साहेब येऊन राह्यले, तुहा विकासमामा शेलूबाजारहून जीप भरून मानसं आनून राह्यला. दर खेपी तू हो म्हटलं.

निकिता : हो म्हटलं. तेव्हाच सांगाले पाहिजे होतं. माझ्यानं नाही झालं.

कस्तुराबाई : मले एक सांग. तिथं कोनी जात नाई, जाता येत बी नाई. मंग तिथली हवा तुमी पाहता कशी? पेपरात आलं तवा हे म्हने 'आपल्या पोरीनं पानी शोधलं', मी हो म्हटलं. पन मले ते समजलं नव्हतं.

निकिता : उजेडात पाहतो, आई. एक तारा आहे, लहानसा, लालसर. त्याचा उजेड निघतो अन् आपल्यापर्यंत पोचाले एक्केचाळीस वर्षं लागतात, एवढा दूर. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो. आपल्या पृथ्वीहून जरा मोठा, दगडाचाच. दर पावणेतीन दिवसांनी तो ताऱ्याच्या समोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा उजेड थोडासा कमी होतो. आता, त्या ग्रहाले हवा असली तर चौफेर तिचा एक पातळ काठ असंन. ताऱ्याचा थोडा उजेड त्या काठातून पार होऊन येतो. अन् हवेत जो वायू असंन तो त्या उजेडातले ठरलेले रंग शोषून घेतो. डोळ्याले न दिसणारे रंग. वाफेचे वेगळे, कार्बन डायऑक्साइडचे वेगळे. कोणता रंग कमी आला ते पाहाचं, म्हणजे तिथं कोणता वायू आहे ते समजतं.

कस्तुराबाई : अन् तुमाले वाफेचा कमी आलेला दिसला.

निकिता : हो. उजेडाचे एक लाख भाग केले तर त्यातले चार-पाच भाग. तेवढ्यासाठी दोन वर्षं काढली मी.

इंद्रभान : मंग दिसली ना वाफ. खोटी थोडीच होती.

निकिता : खोटी नव्हती. पण ताऱ्यातली होती.

इंद्रभान : ताऱ्यात पानी? त्या आगीत?

निकिता : ताऱ्यावर डाग असतात, बाबा. आपल्या सूर्यावर बी असतात. डाग म्हणजे बाकीच्या ताऱ्याहून थंड जागा. थंड म्हणजे आपल्या हिशेबानं भट्टीच, पण वाफ तिथं तग धरते. या ताऱ्यावर असे डाग लय. अन् ग्रह समोरून गेला तो नेमका स्वच्छ पट्ट्यावरून. त्यानं चांगला उजेड झाकला, डागांचा उजेड तेवढा उघडा राहिला. त्या डागातल्या वाफेची खूण आमच्या आकड्यात उतरली. आमी ती ग्रहाच्या नावावर लिहिली अन् मोकळे झालो.

इंद्रभान : एवढ्या शिकलेल्या मानसाईले हे पहिले नाई समजलं?

निकिता : डाग असे फसवतात हे सगळ्यांले माहीत आहे. मले बी माहीत होतं. मी हिशेबात डाग धरले होते, पण कमी धरले. कमी धरले की वाफ ग्रहाकडे जाते, आणि मले ती ग्रहाकडेच पाहिजे होती.

कस्तुराबाई : मंग कोनी सांगतलं?

निकिता : प्रसेनजित म्हणून एक जण आहे आमच्या गटात. माझ्याहून चार वर्षांनी ज्युनिअर. कमी बोलतो. आमी ग्रहाच्या चार फेऱ्या पाहिल्या होत्या. चारहीची सरासरी काढून मी वाफ दाखवली. त्यानं चारही वेगवेगळ्या करून पाहिल्या. पहिल्या फेरीत वाफ भरपूर, दुसरीत कमी, तिसरीत जवळजवळ नाहीच, चौथीत पुन्हा आली. ग्रहाची हवा तर आठ-पंधरा दिवसांत अशी येत-जात नाही. येतात-जातात ते डाग. तारा स्वतःभोवती फिरतो, तसे ते कधी समोर, कधी पाठीमागं.

कस्तुराबाई : तू काय म्हटलं त्याले?

निकिता : तेच सांगाची लाज वाटते. मी म्हटलं तुझा प्रोग्राम चुकला. पुन्हा कर. त्यानं पुन्हा केलं, तेच आलं. मी म्हटलं आणखी एकदा कर, अन् सगळ्यांसमोर म्हटलं, मीटिंगमध्ये. त्यानं तिसऱ्यांदा करून आणलं. मंग मी रविवारी एकटी बसले अन् शून्यापासून स्वतः केलं. माझं बी तेच आलं.

इंद्रभान : मंग तुह्या मोठ्या सरनं काय म्हटलं? ते तं हुशार मानूस हाये म्हनतं तू.

निकिता : हुशारच आहेत, अन् वाईट बी नाहीत. ते म्हणाले, लेख स्वीकारला गेला, पुढच्या महिन्यात छापून येतो. त्याच्या शेवटी एक ओळ टाक, की ही खूण ताऱ्याच्या डागांची असू शकते ही शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. अशी ओळ सगळेच टाकतात. पुढं दुसरं कोणी तपासंन, त्यांले जे सापडंन ते ते लिहितीन.

इंद्रभान : बरोबर तं बोलले. मी बी तेच म्हनून राह्यलो. तू खोटं बोलू नको, मी कुठं म्हनतो खोटं बोल. उद्या उभी राह्य, म्हन का अभ्यास चालू हाये. शाल घे, नारळ घे, खाली बस. मंग पुन्याले जाऊन तुले जे लिव्हाचं ते लिव.

निकिता : उद्या शाळेची चारशे लेकरं समोर बसतीन, बाबा. त्यांच्यासमोर गणेश सर म्हणतीन, हिनं पाणी शोधलं. अन् मी मान हलवू?

इंद्रभान : मान हलवाले कोन सांगते? चूप बसाचं.

निकिता : चूप बसणं म्हणजे मान हलवणंच.

इंद्रभान : तुले माहीत हाये का, मी कायले एवढं बोलून राह्यलो? तू बारावी झाली तवा ह्याच गल्लीत लोक मले काय म्हनत? पोरीचं लग्न कराचं सोडून तिले चांदन्या मोजाले धाडून राह्यला. तेरा वर्षं आयकलं मी. कोनाले उलटून बोललो नाई. शाळा समितीचा अध्यक्ष झालो तरी मागून तेच. पेपरात तुहा फोटो आला त्या दिवशी मी स्टँडवर गेलो, चहा बी नाई घेतला, नुसता बसून राह्यलो. लोक आपल्याहून येऊन बोलले. अन् आता ह्याच लोकाईसमोर तू म्हननार, का मी चुकली.

निकिता : हो.

इंद्रभान : नुसतं हो.

निकिता : दुसरं काय म्हणू? तुमचं सगळं खरं आहे. ते मी उद्या बुडवणार हे बी खरं आहे.

कस्तुराबाई : जूनमधी तुही मुलाखत हाये ना? पक्क्या नोकरीची?

निकिता : आहे. तिथं हाच लेख दाखवाचा होता.

इंद्रभान : पाहा. आयक तू. हे बी गेलं.

कस्तुराबाई : मी तिले विचारून राह्यली. निकू, तुह्या सरनं 'एक ओळ टाक' म्हटलं. तू त्याईले काय म्हटलं?

निकिता : म्हटलं, विचार करून सांगते.

कस्तुराबाई : अन् लेख मागं घ्याचं पत्र? ते धाडलं?

निकिता : लिहून ठेवलं आहे. फोनमध्ये.

कस्तुराबाई : कवा लिवलं?

निकिता : आठ दिवस झाले.

कस्तुराबाई : मंग तू बापाशी कायले भांडून राह्यली? हे तुले अडवून नाई राह्यले. हे तं आत्ता आयकून राह्यले. आठ दिवस तूच बसली हायेस त्याच्यावर. तुह्या मनात होतं का बाबा नाई म्हनतीन, रागावतीन, मंग तुले म्हनता येईन का घरच्याईपुढं माहं काई चाललं नाई.

निकिता : असंन तसं. मले माहीत नाही. गाडीत पूर्ण रस्ताभर मी ते पत्र उघडलं अन् बंद केलं. पाठवलं की परत घेता येत नाही, आई.

कस्तुराबाई : ते तं हायेच.

निकिता : मी चुकले हे सांगाची भीती नाही वाटत मले. चुका होतात. मले भीती ही, की दोन वर्षांत मी दुसरं काहीच केलं नाही. हे गेलं की माझ्या हातात काय आहे? इकडे अनसिंगात आबरू नाही, तिकडं पुण्यात लेख नाही. अन् त्या पोराले मी सगळ्यांसमोर तीनदा खाली पाहाले लावलं, ते वेगळंच.

कस्तुराबाई : तरी बी धाडाचं हाये ना तुले?

निकिता : धाडाचं आहे.

कस्तुराबाई : मंग उद्याच्या पहिले धाड. सत्काराच्या नंतर धाडशीन तं ते पत्र वेगळं होईन. अक्षरं तीच राहतीन, पन तुले माहीत राहीन.

निकिता : इथं रेंज नाही. गच्चीवर जाते.

इंद्रभान : थांब.

निकिता : बाबा, मी आता...

इंद्रभान : थांब म्हटलं. जाऊ नको नाई म्हटलं. वाच ते. काय लिवलं ते मले आयकू दे.

निकिता : इंग्रजीत आहे.

इंद्रभान : मंग मराठीत करून सांग. तुले काय कठीन हाये.

निकिता : 'संपादक महोदय, या लेखाची पहिली लेखिका म्हणून मी तो छपाईआधी मागे घेत आहे. लेखात दाखवलेली पाण्याच्या वाफेची खूण ग्रहाच्या वातावरणाची नसून ताऱ्याच्या डागांची आहे, असं आमच्या नव्या तपासणीत दिसतं. चारही निरीक्षणांची सरासरी काढताना मी डागांचा परिणाम कमी धरला. ही चूक माझी आहे.' मंग खाली आकडे आहेत, तक्ता आहे. अन् शेवटी, 'ही तपासणी प्रसेनजित यांनी केली.'

इंद्रभान : 'चूक माझी' काहून? लेखावर तं सात जनाईचे नावं हायेत. तूनंच मले मोजून दाखवले होते.

निकिता : सरासरी मीच काढली होती.

इंद्रभान : हं. अन् त्या पोराचं नाव इतलं खाली? तक्त्याच्या बी खाली?

निकिता : आहे ना, लिहिलं आहे.

इंद्रभान : लिवलं तं हाये, पन कोन वाचंन तिथलं? तू त्याले सगळ्याईसमोर खाली पाह्याले लावलं. त्याचं नाव वर घे, पहिल्याच ओळीत.

निकिता : घेते.

इंद्रभान : मंग जा गच्चीवर. टाकीच्या बाजूनं उभी राह्य, तिथं रेंज येते. अन् आयक. पत्राचं मी काई म्हनत नाई. पन उद्या मी तुह्यासंगं स्टेजवर बसनार नाई. मले तेवढं जमनार नाई, आत्ताच सांगतो. मागं कुठंतरी उभा राहीन.

निकिता : बरं.

कस्तुराबाई : अन् मी तं येतच नाई. उद्या हळद शिजवाचा कुकर आपल्याकडे हाये, आपला नंबर मोठ्या मुश्किलीनं लागला. मी हलली तं उरलेली हळद तशीच राहीन. सत्कारात काय झालं ते मले घरी येऊन सांगा. दोघं बी.

(दुसरा दिवस, दुपार. अंगणात कुकर थंड होतो आहे. कस्तुराबाई शिजलेली हळद घमेल्यानं काढते आहे. बापलेक नुकतेच शाळेतून आले आहेत.)

कस्तुराबाई : बसा पहिले. पानी प्या. तोंडं पाहून काई समजून नाई राह्यलं मले. कोन सांगते?

इंद्रभान : तिले विचार.

निकिता : सकाळी लवकर जाऊन मी गणेश सरले भेटले होते, आई. ऑफिसात बसवून सगळं सांगितलं. त्यांनी आयकून घेतलं, चष्मा काढून पुसला. म्हणाले, आता वेळेवर मी काय बदलू, मानपत्र छापून आलं, साहेब निघाले. मी म्हटलं तुमी काही बदलू नका, मी माझं बोलीन. त्यांचा चेहरा पाहून मले वाईट वाटलं. ते मले नववीत विज्ञान शिकवत. प्रिझम त्यांनीच पहिल्यांदा दाखवला होता.

कस्तुराबाई : मंग?

निकिता : मंग मानपत्र वाचलं. 'पाण्याच्या ऐतिहासिक शोधाबद्दल.' साहेबांनी शाल उचलली. मी हात जोडले अन् म्हटलं, साहेब, पहिले दोन मिनिटं बोलू द्या, नंतर तुमाले वाटलं तर द्या. माइक घेतला. रात्रभर पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. मी सरळ म्हटलं, 'मी पाणी शोधलं नाही. मले वाटलं होतं की शोधलं. मी चुकले, अन् ते मले माझ्याहून लहान माणसानं दाखवलं. काल मी तसं लिहून पाठवलं.'

कस्तुराबाई : लोक काय म्हटले?

निकिता : पहिले साहेबांनी घड्याळ पाहिलं. वाशीमले मीटिंग आहे म्हणाले, शाल टेबलावर ठेवली अन् गेले. त्यांच्यासंगं आलेले बी उठले. पुढची रांग अर्धी रिकामी झाली. मधातून कोणीतरी म्हटलं, मंग दोन वर्षं सरकारचं खाऊन केलं काय हिनं? दोन-चार जण हसले. विकासमामा खाली पाहत होता. मले वाटलं आता उतरून जावं.

कस्तुराबाई : अन् हे कुठं होते?

इंद्रभान : मी मागं होतो. सांगतलं होतं तसं.

निकिता : मागं होते. मले दिसतच नव्हते. ती हसणारी माणसं बोलत होती तेव्हा पाहिलं तर बाबा मधल्या वाटेनं येऊन राह्यले, हातात लोखंडी खुर्ची. मले वाटलं आता भांडतात. ते कोणाकडेच पाहेनात. पुढं आले, पहिल्या रांगेच्या बी पुढं, माझ्यासमोर खुर्ची टाकली अन् बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. बस, एवढंच.

इंद्रभान : मागून आयकू येत नव्हतं.

कस्तुराबाई : माइक होता ना.

इंद्रभान : माइक खराब हाये शाळेचा.

निकिता : मंग भागिरथाबाई बोलली. शाळेत खिचडी बनवणारी, ती. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभी होती, हातात झारा. ती म्हणाली, 'मंग आता पुढं तुले काय करा लागते?' असं विचारलं, जसं कोणी कामावरून आलेल्या माणसाले विचारते. टोमणा नव्हता. तिले खरंच जाणून घ्याचं होतं.

कस्तुराबाई : अन् तुह्यापाशी होतं का काई सांगाले?

निकिता : होतं. तेवढंच तर होतं माझ्यापाशी. मी गणेश सरले म्हटलं, फळा पाहिजे. त्यांनी स्वतः वर्गातून फळा आणला, दोन पोरांनी धरला. चाळीस मिनिटं बोलले मी. लेकरं उठून पुढं आली, रिकाम्या खुर्च्यांवर बसली.

कस्तुराबाई : मले बी सांग. पुढं काय कराचं ते.

इंद्रभान : मी सांगतो. मले समजलं ते.

निकिता : सांगा.

इंद्रभान : हे पाहा. समोरून जाताना पाह्यलं का डाग मधात येते, बरोबर? तं मंग समोरून पाहूच नाई. तो ग्रह फिरत फिरत ताऱ्याच्या मागं बी जाते. मागं जाच्या पहिले आपल्याले दोघाईची मिळून उब येते, ताऱ्याची बी अन् ग्रहाची बी. मागं लपला का नुसती ताऱ्याची. दोन्हीची वजाबाकी केली का उरली ते त्या ग्रहाची एकट्याची. डाग पहिले बी होते, नंतर बी हायेत, ते वजाबाकीत कटून जाते. बरोबर ना निकू?

निकिता : जवळजवळ पूर्ण कटून जातात. बरोबर आहे.

इंद्रभान : आता ह्या ग्रहाचं असं हाये, का त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे तोंड करून राहते. तिकडे कायम उन्ह. पाठीकडे कायम अंधार. तिथं नुसता दगड असला, हवा नसली, तं उन्हाची बाजू तव्यासारखी तापंन. पन हवा असली तं ती उब उचलून अंधाराकडे घेऊन जाईन, मंग उन्हाची बाजू तेवढी तापनार नाई. म्हनजे नुसती उब मोजली तरी समजते, हवा हाये का नाई.

कस्तुराबाई : अन् हवा असली, तं कोनती हाये ते?

इंद्रभान : ते... ते तू सांग.

निकिता : त्या उबेतच एक ठरलेला रंग आहे, तो कार्बन डायऑक्साइड शोषतो. तिथं उब कमी आली तर तो वायू आहे. पाण्याची वाफ असं शोधणं लय कठीण आहे. म्हणून पहिले फक्त एवढंच विचाराचं, की हवा आहे की नाही. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. हवा आहे हे न तपासता पाणी शोधाले निघाले होते.

कस्तुराबाई : तुह्या सरचं काई आलं का?

निकिता : सकाळी आलं. एकच ओळ आहे. 'पत्र पाहिलं, मी थांबलो असतो, पण पत्र बरोबर आहे.' अन् संपादकांनी छपाई थांबवली. प्रसेनजितचा फोन आला होता, मी माफी मागितली. मंग म्हणाला, ताई, नवीन अर्जात डागांचा भाग मी लिहू का?

कस्तुराबाई : कोनता अर्ज?

निकिता : दुर्बिणीवर वेळ मागाचा. ती दुर्बीण वर अंतराळात आहे. सगळ्या जगातले लोक तिच्यावर वेळ मागतात. नऊ-दहा अर्जातला एक मंजूर होतो. शुक्रवारपर्यंत पाठवा लागते. मी सुट्टी वाढवून घेतली आहे चार दिवसांची. इथंच बसून लिहीन.

इंद्रभान : अन् मुलाखत?

निकिता : जाईन. लेख नाही म्हणून सांगीन. काहून नाही ते बी सांगीन. नाही घेतलं त्यांनी तर करार संपेपर्यंत हे काम करीन, मंग दुसरीकडे विचारीन. दहावीच्या शिकवण्या घेईन लागलं तर. पण हा ग्रह मी सोडत नाही, बाबा. आता तर मले समजलं आहे त्याच्याकडे कुठून पाहाचं.

इंद्रभान : सोड कोन म्हनते.

कस्तुराबाई : काल तं तुमीच...

इंद्रभान : काल मले वजाबाकी माहीत नव्हती.

कस्तुराबाई : लोक काई बोलले का तुमाले येताना?

इंद्रभान : बोलले. बॅनर दुपारच्या पहिलेच उतरवलं कोनीतरी. एक जन म्हने, इंद्रभानभाऊ, पोरीनं हात दाखवून अवलक्षन केलं. मी म्हटलं, हो बापा. आनखी काय म्हनू? वाईट तं वाटलंच. मी काई देव नाई. पन गणेश सर गेटपर्यंत आले, माहा हात धरला, म्हने इतक्या वर्षांत शाळेत इतकी चूप लेकरं मी पाह्यली नाई. अन् ती भागिरथा... तिची खिचडी लागली खाली.

निकिता : करपली. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

कस्तुराबाई : निकू, एक विचारू?

निकिता : विचार ना.

कस्तुराबाई : तू अर्ज करशीन, वेळ भेटंन, मोजशीन. अन् तिथं हवाच नसली तं? नुसता दगड असला तं?

निकिता : तर तसंच लिहीन. हवा नाही, उघडा दगड आहे.

कस्तुराबाई : ते बी लिव्हा लागते? काईच नाई सापडलं हे बी?

निकिता : ते तर लिहाच लागते. नाही तर दुसरं कोणी तिथंच पुन्हा दोन वर्षं घालवंन.

कस्तुराबाई : कवा समजंन?

निकिता : वेळ भेटला तर पुढच्या वर्षी. नाही भेटला तर पुन्हा अर्ज करीन, मंग त्याच्या पुढच्या वर्षी.

कस्तुराबाई : मंग त्या दिवशी मले बलावजो. हाये म्हन का नाई म्हन. मी समोर बसून आयकीन.